ब्रेक दाबतांच गाडी कां थरथरते?

बेलपाड्याच्या मंडळींस पुण्याचा प्रवास आतां घरच्यासारखा झाला आहे. सायन-पनवेल रस्ता जवळच. पुढें कळंबोलीस द्रुतगती मार्ग लागतो आणि २००२ सालापासून तो पुरा वाहता आहे. ज्या बोरघाटांतील रस्ता सर जॉन माल्कम यांनीं १८३० सालीं खुला केला, तोच घाट आज सूनबाई मुलांस मागें बसवून सहज चढून जातात. चढण्याची चिंता फारशी नाहीं. कसोटी परततांना, उतारावर. आणि परतल्यावर पुष्कळ घरांतून एकच तक्रार ऐकूं येते : “ब्रेक दाबला कीं स्टिअरिंग हातांत कांपतें.”

अशी गाडी गॅरेजांत नेली असतां बहुधा ठराविक उत्तर मिळतें, “डिस्क वांकली, बदला.” डिस्क बदलली जाते, पैसे खर्च होतात, गाडी चार महिने शहाण्यासारखी वागते आणि पुनः थरथरूं लागते. मग दोष डिस्क बनविणारास, नाहीं तर चालविणाऱ्या सुनेस! वास्तविक तो तिसरीकडेच असतो. आमच्या वैद्यकांत रोग ओळखण्यासाठीं माधवनिदान हा स्वतंत्र ग्रंथ झाला तो उगीच नव्हे.

पुढच्या चाकाबरोबर बिडाची एक चकती फिरते, तीच डिस्क. ब्रेक दाबला म्हणजे कॅलिपर नांवाचा चिमटा दोन्ही बाजूंनीं तिच्यावर पॅड आवळतो. चकती सर्वत्र सारख्या जाडीची असली तर पकड एकसारखी राहते. एके ठिकाणीं ती मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकी जरी कमीजास्त असली, तरी प्रत्येक फेऱ्यांत पकड एकदां घट्ट, एकदां सैल होते. ताशीं ८० किलोमीटर वेगानें लहान मोटारीचें चाक सेकंदास अकरा-बारा वेळां फिरतें. तितकेच हिसके स्टिअरिंगपर्यंत पोंचतात. डोळ्यांस कांहींच दिसत नाहीं, हातास मात्र कळतें.

हा फरक उत्पन्न कसा होतो, येथेंच खरें मर्म आहे. डिस्क ज्या हबवर बसते त्याच्या तोंडावर गंजाचा पापुद्रा राहिला, किंवा चाकाचे नट एकाच बाजूनें ओढून आवळले, तर डिस्क किंचित् तिरपी बसते. ती स्वतः वांकडी नसते, वांकडी फिरते. ब्रेक न दाबतांही तिचा तोच भाग प्रत्येक फेऱ्यांत पॅडला चाटून जातो आणि कांहीं हजार किलोमीटरांनंतर तेवढाच झिजतो. म्हणजे चूक ज्या दिवशीं होते त्या दिवशीं गाडी निर्दोष चालते. थरथर प्रगट होते महिन्यांनीं. पंक्चर काढतांना घाईनें आवळलेले नट तोंवर कोणाच्या स्मरणांत राहणार? आणि आमच्याकडील पाऊस व खाडीची खारी हवा असतां गंजास निराळें आमंत्रण लागत नाहीं.

दुसरें कारण घाटांतील उष्णता. लोणावळ्याहून खोपोलीपर्यंतचा उतार ५०० मीटरांहून कमी नाहीं. दीड टन वजनाची भरलेली गाडी ५०० मीटर खालीं येतांना जी शक्ति मोकळी होते, तिनें सुमारें २२ लिटर पाण्यास उकळी येईल! हवा व इंजिन कांहीं वांटा उचलतात. उरलेली उष्णता ब्रेकच्या माथीं. अशी तापलेली डिस्क पायथ्याच्या रांगेंत पेडल दाबून उभी ठेवली, तर पॅडचा अंश एकाच जागीं चिकटून ठसा उमटतो. खालच्या गिअरांत उतरावें, हें जुन्या ड्रायव्हरांचें सांगणें याचसाठीं.

डिस्क ब्रेकचें पेटंट इंग्लंडांत लँचेस्टर यानें १९०२ सालींच घेतलें होतें; १९५३ सालीं ल मांची शर्यत जॅग्वारनें ते ब्रेक लावून जिंकली, तेव्हां जगाचें लक्ष तिकडे गेलें. आमच्याकडील जुन्या फियाटच्या चारी चाकांस ड्रमच असत, आणि आजही पुष्कळ लहान गाड्यांस मागें ड्रम असतात. म्हणून कंप कोठें जाणवतो हें आधीं पाहावें. स्टिअरिंग कांपलें तर संशय पुढच्या डिस्कवर. आसन व पेडल कांपलें तर बहुधा मागच्या ब्रेकवर. ब्रेक न दाबतांही विशिष्ट वेगास थरथर होत असेल तर चाकांचें बॅलन्सिंग व टायर तपासावे. एकदम जोरानें ब्रेक दाबतांच पेडल पायाखालीं तडतडलें, तर तें एबीएसचें नेहमींचें काम समजावें. घाबरून पाय उचलूं नये. मात्र गाडी एका बाजूस ओढत असेल, पेडल खोल जात असेल किंवा लोखंड घासल्याचा आवाज येत असेल, तर घाटाचा बेत रद्द करावा, मग घरीं मुंज असो कीं लग्न.

मिस्त्रीस काय सांगावें? नवी डिस्क मागवण्यापूर्वीं जुनी उतरवून हबचें तोंड तारेच्या ब्रशानें साफ करावें, ती पुनः बसवून डायल गेज लावावा आणि जाडी आठ ठिकाणीं मोजावी. डगमग किती चालते हें गाडीच्या पुस्तकांत असतें. बहुतेक गाड्यांस ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आंतच लागते. हबची सफाई बिलांत दिसत नाहीं म्हणूनच ती होत नाहीं, असें माझें स्पष्ट मत आहे. किमान जाडीचा आंकडा बहुधा डिस्कवरच कोरलेला असतो. त्याहून अधिक शिल्लक असेल तर लेथवर हलका हात मारून काम भागतें. कमी असेल तर दोन्ही बाजूंच्या डिस्क पॅडसह एकदमच बदलाव्या. कॅलिपरच्या पिना मोकळ्या सरकतात कीं नाहीं, बेअरिंग व खालच्या आर्मचे बुश सैल आहेत काय, हेंही त्याच वेळीं पाहून घ्यावें. नट समोरासमोरचे क्रमानें, टॉर्कच्या पान्यानेंच आवळावे.

नवे पॅड बसल्यावर पहिले दोन-तीनशें किलोमीटर ब्रेक बेतानें दाबावा. मोकळ्या रस्त्यावर गाडी पुरती न थांबवतां वेग कांहीं वेळां कमी करावा व मध्यंतरीं ब्रेक निवूं द्यावे. त्या दिवसाचा किलोमीटरचा आंकडा हिशेबाच्या वहींत टिपून ठेवावा. पांच-सहा हजारांनंतर थरथर परतलीच, तर तिसरी डिस्क विकत घेऊं नये. वही दाखवून हब, बेअरिंग व नट पुनः तपासावयास सांगावें.