वारस कोण?



सरकारी फॉर्मवर एक रकाना असतो : वारसाचं नाव. मुलगा लिहा, सून लिहा, नाहीतर पुतण्या. ज्यांच्याकडे यातलं कुणीच नाही अशा म्हाताऱ्यांबद्दल आज बोलायचंय. तृतीयपंथी, समलिंगी, उभयलिंगी. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात असली माणसं नाहीत, असं आपल्यातलाच एखादा म्हणतो. अरे, वेशीबाहेर माणसं राहतात हे तरी गावाला कधी दिसलं होतं?

कायदा बघा. 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा मुलांना पोटगी द्यायला लावतो. मूल नसेल तर मालमत्ता मिळणाऱ्या नातलगाला. ज्याला घरानं पोरवयातच हाकललं त्याला मूल कुठलं नि मालमत्ता कुठली? डेऱ्यात गुरू थकली की चेले तिला भरवतात, धुतात, माती देतात. हे नातं या कायद्याला ठाऊकच नाही. 2020 साली केंद्रानं तृतीयपंथीयांसाठी 'गरिमा गृह' सुरू केलं. वयाची अट 18 ते 60. साठी संपली की गरिमा संपली! पासष्टीनंतरच्या पेन्शनचं नाव काय, तर श्रावणबाळ. कावड वाहणारा पोरगा गृहीतच धरलेला.

जंगलात मामला आणखी बिकट. वनहक्काचा 2006 चा कायदा लढून मिळाला. लेखा-मेंढानं 2009 साली सामूहिक हक्क घेऊन देशाला वाट दाखवली. पण वैयक्तिक पट्टा नवरा-बायकोच्या नावे, नाहीतर एकट्याच्या. पुढे तो वारसाला, थेट वारस नसेल तर जवळच्या नातलगाला. समजा, दोन बाया चाळीस वर्षं एका चुलीवर जेवल्या, मोहफुलं वेचली, तेंदूपत्ता तोडला, एकच बांदी कसली. पट्टा एकीच्या नावे. ती मेली की जमीन तिच्या पुतण्याची, आणि दुसरी रस्त्यावर. सुप्रीम कोर्टानं 6 सप्टेंबर 2018 ला 377 चा फास सोडवला, पण 17 ऑक्टोबर 2023 ला लग्नाचा हक्क नाकारला. म्हणजे आता गुन्हेगार नाही, पण एकमेकांची कुणीही नाही.

आज सत्तरीतला माणूस साठी उलटेपर्यंत त्या 1860 च्या कलमाखाली जगला. लपणं त्याच्या हाडात मुरलंय. समाजकार्याची पदवी घेतलेला पोरगा वही घेऊन येतो, विचारतो : आजी, लग्न झालं का? मुलं किती? आजी खोटं सांगते. पोरगा खरं समजून लिहून घेतो. असल्या सर्वेक्षणाला आग लावा! आधी जाऊन बसा, चहा प्या, दहा वेळा जा. घरी कोण असतं, आजारपणात पाणी कोण देतं, एवढंच विचारा. नाव ती सांगेल तेव्हा सांगेल. आणि सांगितलेलं गावभर करू नका.

'याचा आपल्या चळवळीशी काय संबंध?' असं विचारणाऱ्यांनी 1934 साल आठवावं. र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर अश्लीलतेचा खटला झाला, कारण वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी सरळ उत्तरं दिली होती. त्यांचं वकीलपत्र कुणी घेतलं? बाबासाहेबांनी. खटला हरले, पण मागे हटले नाहीत. त्याच बाबासाहेबांनी 16 ऑक्टोबर 1956 ला याच चंद्रपुरात दीक्षा दिली. सगळी माणसं समान, ही प्रतिज्ञा घेताना आपण कुणाला वगळलं नव्हतं. आता मागच्या दारानं वगळणार असाल तर तुमच्यात आणि मनूत फरक काय?

तेव्हा कामाला लागा. संजय गांधी निराधार योजनेत तृतीयपंथी बसतात, पस्तिशीवरची अविवाहित बाईही बसते. भामरागडहून जिल्ह्याच्या कचेरीत जायचं म्हणजे म्हाताऱ्या माणसाचा दिवस जातो आणि मजुरी बुडते; फॉर्म तुम्ही भरा, तहसीलला सोबत जा, बाबूनं दात काढले तर तिथंच जाब विचारा. बँकेत नॉमिनी म्हणून जोडीदाराचं नाव चालतं, संयुक्त खातंही चालतं. 28 ऑगस्ट 2024 ला अर्थखात्यानंच तसं स्पष्ट केलंय. त्याची प्रत खिशात ठेवा. झोपडीचं, भांड्याकुंड्यांचं मृत्युपत्र साध्या कागदावर होतं, दोन साक्षीदार लागतात. ते साक्षीदार तुम्ही व्हा.

आणि पट्ट्यावर दुसरीचं नाव यावं, ही मागणी ग्रामसभेत आपणच मांडायची. हसतील. आपण पाण्याला हात लावला तेव्हाही हसलेच होते.