हॉर्न नावाचे केवलप्रयोगी अव्यय

आपल्याकडे एखाद्या सार्वजनिक दुर्गुणाला प्रतिष्ठा मिळवून द्यायची असली की त्याला 'संस्कृती' म्हणण्याचा प्रघात आहे. हॉर्नच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे. भारतीय शहर म्हणजे गजबज, गजबज म्हणजे जिवंतपणा आणि हॉर्न हा त्या जिवंतपणाचा स्वर, असे समीकरण सुशिक्षितांच्या गप्पांतूनही ऐकू येते. पाश्चात्त्यांच्या मुक्या रस्त्यांपेक्षा आमचे बोलके रस्ते अधिक लोकशाहीवादी आहेत, हे पटवून देताना काही जण बाख्तीनची बहुस्वरताही वेठीला धरतात. बहुस्वरतेत एकाचा आवाज दुसऱ्याला ऐकू येणे गृहीत असते, एवढी साधी गोष्ट या मंडळींच्या ध्यानात येऊ नये याचे नवल वाटते.

हॉर्नला भाषाच मानायचे असेल तर तिचे व्याकरणही तपासायला हवे. घाटातल्या आंधळ्या वळणावर 'हॉर्न वाजवा' अशी पाटी असते. तिथला हॉर्न हे पूर्ण विधान आहे: मी येतो आहे, तुम्हाला दिसत नाही, सांभाळा. त्याला वक्ता आहे, श्रोता आहे, प्रसंग आहे. ट्रकच्या पाठीवरचे 'हॉर्न ओके प्लीज' हीसुद्धा मागच्या चालकाला केलेली विनंतीच होती. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली व्यावसायिक वाहनांवर हे शब्द लिहिण्यास मनाई केली. शब्द पुसले गेले, आवाज राहिला. (त्यातल्या त्यात सभ्य होते ते 'प्लीज' तेवढे गेले!)

मराठीत आपण हाक मारतो आणि हॉर्नही मारतो. क्रियापद एकच, पण हाकेत बहुधा नाव असते. चौकात वाजलेला हॉर्न समोरच्या पन्नास जणांपैकी कोणाला उद्देशून आहे, हे त्यांच्यापैकी कोणालाच कळत नाही. म्हणून कोणीच हलत नाही, आणि कोणी हलत नाही म्हणून तो पुन्हा वाजतो. संबोधनाच्या जागेवरून घसरत घसरत हॉर्न असा केवलप्रयोगी अव्यय होऊन बसला आहे. वाक्याशी संबंध नाही, नुसता उद्गार. राग, कंटाळा, घाई, कधी कधी केवळ 'मीही आहे'.

'आमचे रस्ते अरुंद, पादचारी बेशिस्त. हॉर्नशिवाय चालायचे कसे?' हा नेहमीचा बचाव. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी २०१९ च्या अखेरीस काही सिग्नलांना ध्वनिमापक जोडून पाहिले. आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजले जात. त्या प्रयोगाची चित्रफीत पाहून लोक हसले. पण ज्या वर्तनावर हा उपाय होता त्याचा विचार करावा. दिवा लाल आहे, कोणालाच पुढे जायचे नाही, तरीही हॉर्न चालू आहेत. इथे गरजेचा युक्तिवाद कुठे उभा राहतो? आणि अरुंद रस्त्यांचेच म्हणाल तर मिझोरमची राजधानी ऐझॉल डोंगरावर वसलेली आहे, तिथले रस्ते चढउताराचे, चिंचोळे आणि वाहनांनी भरलेले. तिथले चालक हॉर्न न वाजवता एकामागे एक रांगेत थांबतात. तेही भारतीयच आहेत.

शिक्षणसंस्थांभोवतीच्या शांतता क्षेत्रात दिवसाची मर्यादा ५० डेसिबलची आहे. डेसिबलची मोजपट्टी अशी, की ५० आणि ८५ यांच्यात ध्वनितीव्रतेचा फरक तीन हजार पटींहून अधिक भरतो. रस्त्यालगतच्या वर्गात शिकवणाऱ्यांना हे आकडे सांगावे लागत नाहीत. तिथे पहिला बळी जातो तो शेवटच्या बाकावरून हळू आवाजात विचारलेल्या प्रश्नाचा. 'पुन्हा विचार' म्हटले की ती मुलगी 'काही नाही सर' म्हणून खाली बसते. मग शिक्षक आवाज चढवतो, आणि चढवलेल्या आवाजात विवेचनाची घोषणा होते. ज्या कवितेचे मर्म दोन ओळींमधल्या विरामात आहे, ती शिकवणे जवळपास अशक्य होते. आणि हेच अध्यापक सकाळी महाविद्यालयाच्या फाटकाशी गाडीत बसल्या बसल्या हॉर्न मारून पहारेकऱ्याला बोलावतात! तो दहा वर्षे तिथेच उभा असतो. त्याचे नाव ठाऊक असते.

इथे या आवाजातली उतरंड उघडी पडते. पूर्वी राजाच्या पुढे भालदार-चोपदार ललकारत चालत आणि रयत बाजूला होई. आज ज्याने गाडी घेतली त्याला चोपदार फुकट मिळतो. मोटार दुचाकीला हटवते, दुचाकी सायकलला, आणि झेब्रा पट्ट्यांवरून चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला सगळेच. या आवाजाला लोकशाहीवादी म्हणणाऱ्यांनी एकदा पायी रस्ता ओलांडून पाहावा.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने विनाकारण हॉर्न वाजवण्यास पहिल्या वेळी १००० आणि पुढे २००० रुपये दंड ठेवला आहे. अंमलबजावणीविषयी न बोललेले बरे. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी मात्र २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये वेगळाच मार्ग सुचवला: हॉर्नमधून बासरी, तबला, हार्मोनियम अशा भारतीय वाद्यांचे स्वर निघावेत. कल्पना रम्य आहे. लाल दिव्यापाशी दोनशे वाहने एकाच वेळी, आपापल्या पट्टीत, बासरी वाजवत उभी राहतील. आणि रुग्णवाहिका त्यांच्या मागे अडकलेलीच असेल.