दोन पियानो आणि एक शब्द

जॅझविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते, त्यात दोन पियानोवादक एकत्र आले की 'जुगलबंदी' हा शब्द हटकून येतो. आम्हीही तो बरीच वर्षे वापरला. गेल्या पावसाळ्यात डहाणूजवळ आगरला एका स्नेह्यांच्या वाडीत मुक्काम पडला आणि तीन-चार संध्याकाळी काही ध्वनिमुद्रणे ओळीने ऐकण्याचा योग आला. तेव्हा या शब्दाविषयी शंका उत्पन्न झाली. ती संगीतापुरती राहिली नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

सतार आणि सरोद एकत्र वाजतात तेव्हा दोन्ही वाद्यांचा पोत वेगळा असतो. रागाची मर्यादा दोघांना समान असते आणि तालाचा भार तबला उचलतो. अशा सुरक्षित अंगणात सवाल-जवाब रंगतात. शिवाय मराठी कानाला कलगी-तुऱ्याचे वळण आहे. दोघे समोरासमोर उभे राहिले की कोण कोणाला निरुत्तर करतो, हे आपण नकळत मोजू लागतो.

दोन पियानोंची अडचण नेमकी उलट आहे. पियानो हे एकट्यानेच भागवणारे वाद्य. त्याच्या ८८ पट्ट्यांत खर्जही आहे, स्वरसंवादही आहे, मुख्य धून आहे आणि हातोडीच्या आघातामुळे लयही आहे. असे दोन स्वयंपूर्ण संसार एका व्यासपीठावर मांडले की प्रश्न उरतो तो जागेचा. दोन डावे हात एकाच वेळी खालच्या सप्तकात उतरले तर नुसता चिखल होतो. सनईचा स्वर हळूच उगवू शकतो, पियानोचा आघात लपत नाही. दोघांच्या बोटांत पापणी लवण्याइतके अंतर पडले तरी ते ठेच लागल्यासारखे ऐकू येते. ढोलकी-तबल्यासारखा साक्षीदार बहुधा नसतोच. म्हणून या प्रकारातले कसब वाजवण्यापेक्षा वगळण्याचे अधिक. समोरच्याने खर्ज धरला की आपला डावा हात मांडीवर ठेवणे, त्याची धून वर चढली की आपण मध्यसप्तकात दोन-तीन स्वरांवर थांबणे, आणि हे सर्व आधी ठरवलेले नसताना करणे.

हर्बी हॅनकॉक आणि चिक कोरिया यांनी १९७८ साली दोन पियानो घेऊन दौरा केला. दोघेही तेव्हा विजेच्या वाद्यांसाठी गाजत होते आणि तरी साधे पियानो घेऊन बसले. त्या मैफलींच्या ध्वनिमुद्रणांत असे क्षण येतात की एक वादक जवळजवळ नाहीसा होतो. तो हरलेला नसतो. दुसऱ्याचे वाक्य पुरे होऊ देत असतो. अर्थात सर्वच तसे नाही. काही ठिकाणी दोघांच्याही बोटांना खाज सुटलेली आहे आणि टाळ्या नेमक्या तिथेच पडतात. असो.

ड्यूक एलिंग्टन आणि बिली स्ट्रेहॉर्न यांची १९५० मधली द्वंद्वमुद्रणे आम्हांला अधिक प्रिय आहेत. त्यांत कोण कोणते वाजवतो हे सांगताना जाणकारही अडखळतात. हे ऐक्य मोहक आहे. पण साहित्याच्या अभ्यासकाने तिथे थोडे थबकावे. 'टेक द ए ट्रेन' ही एलिंग्टनच्या वाद्यवृंदाची ओळख बनलेली रचना स्ट्रेहॉर्नची. १९६७ मध्ये वारेपर्यंत तो त्या मोठ्या नावाच्या सावलीतच राहिला. पियानोवर ओळखू न येणे हे सौंदर्य असेल, पण वेष्टनावर ओळखू न येणे हा निराळाच व्यवहार. 'कर्तृत्व कोणाचे' हा प्रश्न आपण वर्गात किती सहज उत्तराधुनिक चर्चेच्या खात्यात टाकतो!

याउलट उदाहरण १९७७ च्या एप्रिलमधले. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मेरी लू विल्यम्स आणि सेसिल टेलर एकत्र बसले. बाई जॅझचा सारा इतिहास बोटांत बाळगून असलेल्या. टेलर तिच्याहून एकोणीस वर्षांनी लहान आणि सर्व चौकटी मोडणारा. पुढाकार बाईंचा होता. टेलरने मात्र आपली घनदाट वीण क्षणभरही सैल केली नाही, असे आमचे कान सांगतात. बाईंचे ब्लूज त्या वादळात मधूनमधून वर येते आणि बुडते. उत्तरार्धात त्यांनी बास आणि ड्रमवादकांना सोबत घेतले. पुष्कळांनी याला अपयश म्हटले, काहींनी धाडस. आम्हांला ते ध्वनिमुद्रण ऐकवत नाही. पण शिकवायचे तर आम्ही तेच शिकवू.

आगरला हे ऐकत असताना आठवला तो याच तालुक्यातला एक कार्यक्रम. वारली तारपा आणि कीबोर्ड यांची 'फ्यूजन जुगलबंदी' जाहीर झाली होती. तारपा म्हणजे सुकवलेल्या भोपळ्यात बसवलेल्या दोन नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा श्वास न तोडता फुंकतो, आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची साखळी वळत जाते. जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांमुळे तो फेर आता जगाला ठाऊक आहे. तारप्याचा सूर ज्या त्या भोपळ्याचा आणि बांबूचा असतो. कारखान्यात लावलेल्या कीबोर्डशी तो जुळणार कसा? वाद्य 'सुरात आणा' असे तारपकऱ्यालाच सांगण्यात आले. कीबोर्डवाल्याने एकही पट्टी सोडली नाही. पहिल्या पाच मिनिटांनंतर तारपा दिसत होता, ऐकू येत नव्हता.

आम्ही त्या आयोजकांवर तावातावाने बोललो. पण खरे सांगायचे तर असाच कीबोर्ड आमच्याही हाती एकदा होता. तलासरीकडच्या एका विद्यार्थ्याने आपल्या आजीकडून ऐकलेले लग्नातले धवलेरीचे गाणे मराठीत आणले होते. आम्ही त्याच्या वहीत लाल शाईने क्रियापदे भरली. तीनदा आलेली ओळ एकदाच ठेवली. एका झाडाचे नाव त्याने वारलीतच राहू दिले होते. त्याला आम्ही कोशातला प्रतिशब्द दिला. भाषांतर 'ओघवते' झाले, शेराही तसाच दिला.

कोणी म्हणेल, दोन पियानो समान बळाचे असतात. प्रमाण मराठी आणि वारली कुठे तशा आहेत? आक्षेप रास्त आहे, परंतु तो आमच्याच बाजूने पडतो. बळ समान असतानाही हॅनकॉकला हात मांडीवर ठेवावा लागतो. मग जिच्यापाशी छापखाना, पाठ्यपुस्तक आणि लाल शाई आहे, तिने किती पट्ट्या सोडाव्यात? 'संवाद', 'देवाणघेवाण' हे आपल्या समीक्षेतले लाडके शब्द या हिशेबाबद्दल काहीच बोलत नाहीत, आणि 'जुगलबंदी' तर हिशेबच मिटवून टाकते.

ती वही आमच्याकडे राहून गेली आहे. परवा ती पुन्हा काढली. लाल शाई वगळून वाचायचा प्रयत्न केला, तर पुन्हा पुन्हा येणारी ती ओळ प्रत्येक वेळी निराळ्या जागी थांबत होती. तिसऱ्या वेळी तिला क्रियापद नव्हते आणि झाडाचे नाव तिथेच येत होते.