‘बैलगाडी’ म्हणून हिणवलेला आस

१/ जळगावलगतचे असोदा हे बहिणाबाई चौधरींचे जन्मगाव. त्या परिसरातील काळ्या मातीच्या गाडवाटेवर एक चाक चाकोरीत उतरले की सारी बैलगाडी कलते, कारण दोन्ही चाके एकाच आसावर बसवलेली असतात. मोटारीच्या मागील ‘सॉलिड ॲक्सल’ला ‘बैलगाडी’ म्हणून हिणवले जाते ते यावरूनच. इंडिपेंडंट सस्पेन्शन म्हणजे प्रगती आणि अखंड आस म्हणजे मागासलेपण, असे सोपे समीकरण त्यामागे आहे. इतिहासाशी ते जुळत नाही.

२/ १९३४ मध्ये मर्सिडीझने डब्ल्यू २५ या शर्यतीच्या मोटारीची मागची चाके स्वतंत्र केली. रचना होती ‘स्विंग ॲक्सल’ची. तीत चाक वरखाली होताना तिरपेही होई आणि भर वेगातील वळणावर टायरची पकड ढासळे. अभियंता रुडॉल्फ उलेनहाउट याने ती मोटार स्वतः चालवून दोष ताडले. १९३७ च्या डब्ल्यू १२५ मध्ये, म्हणजे सुमारे ६०० अश्वशक्तीच्या मोटारीत, मागची चाके पुन्हा एका नळीने जोडली गेली! ही ‘द दियाँ’ रचना मूळची एकोणिसाव्या शतकातील, फ्रेंच. चाके उभी राहिली आणि डिफरन्शियलचे वजन सांगाड्यावरच राहिले. त्याच वर्षी रुडॉल्फ काराचिओला युरोपीय विजेता ठरला.

३/ अखंड आसाचा खरा दोष हे वजनच आहे. डिफरन्शियलसह सारा आस खड्ड्यात आदळतो आणि एका चाकाचा हिसका दुसऱ्याला बसतो. वळणांच्या वेगवान रस्त्यावर उत्तम स्वतंत्र रचनाच सरस, हे मान्य करावे लागते. तरीही फोर्ड मस्टँगने काही अपवाद वगळता १९६४ पासून २०१४ च्या मॉडेलपर्यंत अखंड आसच वापरला. तो स्वस्त आणि दणकट होता. सरळ रेषेतील शर्यतीत तेवढे पुरे.

४/ चाकणच्या महिंद्र कारखान्यात दोन्ही परंपरा शेजारी नांदतात. २०२१ च्या एक्सयूव्ही ७०० ची मागची चाके स्वतंत्र, तर २०२२ च्या स्कॉर्पिओ-एनचा आस अखंड, पाच दुव्यांनी धरलेला. तो डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून तेथे ‘वॉट लिंकेज’ आहे. जेम्स वॉटने १७८४ मध्ये वाफेच्या इंजिनासाठी योजलेल्या जोडणीचाच तो वारसा.