नम्र योहान कोणी घडवला?

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाविषयी लिहिताना ‘नम्रता’ हा शब्द इतक्या सहजपणे योजला जातो, की त्यामागे काही घडले असावे अशी शंकाही कोणास येत नाही. लोकांना तारणासाठी सिद्ध करावे आणि स्वतः मुकाट्याने बाजूला व्हावे, ही संदेष्ट्याची प्रवचनांतली प्रतिमा साहित्याच्या अभ्यासकांनीही जशीच्या तशी उचलावी, यास आमचा आक्षेप आहे.

चारही शुभवर्तमाने शेजारी ठेवून वाचावीत. सर्वांत जुन्या मानल्या जाणाऱ्या मार्कात योहान येशूला यार्देन नदीत बाप्तिस्मा देतो; त्यात कसलाही संकोच नाही. मत्तयात तोच योहान आधी आढेवेढे घेतो. लूक तर योहानाला तुरुंगात टाकल्याचे अगोदर सांगून मोकळा होतो आणि मगच येशूच्या बाप्तिस्म्याचा उल्लेख करतो, तोही देणाऱ्याचे नाव न घेता! चौथ्या शुभवर्तमानात हा प्रसंगच नाही, उरते ती योहानाची साक्ष. थोराने धाकट्याकडून बाप्तिस्मा घेतला, ही अडचण पुसण्याची ही धडपड आहे. योहानाचे स्वतंत्र अनुयायी होते. केवळ त्याचाच बाप्तिस्मा ठाऊक असलेले सुमारे १२ जण पौलाला इफिसात भेटल्याचे ‘प्रेषितांची कृत्ये’ सांगते. इतिहासकार जोसीफस तर योहानाची हकिगत येशूशी न जोडताच देतो, आणि हेरोद अंतिपाला धास्ती होती ती लोकांवरील त्याच्या प्रभावाची, असे म्हणतो. अशा माणसाला दुय्यम करून दाखवणे लेखकांना भागच होते.

मग ती नम्रता खोटी काय? तसे आम्ही म्हणत नाही. पण ती शोधायची जागा मत्तयाचा ११वा अध्याय होय. ज्याच्यासाठी आपण वाट तयार केली तो हाच का, असे योहान तुरुंगातून शिष्यांकरवी विचारतो. भाष्यकार येथे घाईने सावरून घेतात. शंका म्हणे त्याची नव्हतीच, शिष्यांची होती. येशू होय म्हणत नाही, नाही म्हणत नाही; आंधळ्यांपासून गरिबांपर्यंत कोणाकोणाचे काय झाले तेवढे कळवायला सांगतो. त्या यादीत बंदिवानांची सुटका नाही. निरोप पोहोचल्यावर योहानास काय वाटले, हे मत्तय लिहीत नाही. त्याची कथा पुढे येते ती १४व्या अध्यायात, तबकातल्या शिरापाशी संपण्यासाठी.