बातमीची उधारी

नव्या गिऱ्हाइकाला उधारीवर माल देण्यापूर्वी आपण बाजारात चार ठिकाणी त्याची पत विचारतो. मात्र मोबाइलवर आलेल्या अनामिक संदेशावर विसंबून त्याच पेढीचा मालक शेअर घेऊन मोकळा होतो. बँकेच्या नोकरीत हा विरोधाभास मी अनेकदा पाहिला.

या भाबडेपणाची परीक्षा जानेवारी २००२ मध्ये खुद्द अमेरिकेच्या रोखे नियामक संस्थेने घेतली. अँथ्रॅक्सच्या पत्रांची भीती तेव्हा ताजी होती. जैविक धोका ओळखणारे छोटे यंत्र बनविणाऱ्या ‘मॅक्व्हॉर्टल एंटरप्रायझेस’ या कंपनीचे संकेतस्थळ तिने उभारले. तीन दिवसांत त्यास दीड लाखांहून अधिक भेटी मिळाल्या. गुंतवणुकीसाठी पुढे जाणाऱ्यास अखेरीस इशारा दिसे, की अशा प्रस्तावाला भुलणारा फसू शकतो. कंपनी आणि यंत्र, दोन्ही काल्पनिक होती.

तेथे केवळ फजिती झाली. ‘एम्युलेक्स’ या अमेरिकी कंपनीच्या भागधारकांची मात्र खरी हानी झाली होती. तिच्या शेअरमध्ये मंदीचा सौदा करून तोट्यात आलेल्या एका तरुणाने २५ ऑगस्ट २००० रोजी कंपनीच्या नावाने बनावट निवेदन प्रसृत केले. मुख्याधिकाऱ्याने राजीनामा दिला असून नफ्याचे आकडे बदलावे लागणार आहेत, असा त्याचा आशय होता. वृत्तसंस्थांनीही ते उचलले. सुमारे ११० डॉलरचा शेअर थोड्याच वेळात ४३ डॉलरवर आला. व्यवहार थांबवून खुलासा झाला आणि दिवसअखेर भाव बहुतांशी सावरला. परंतु घाबरून विकणाऱ्यांचा तोटा भरून निघाला नाही. त्या तरुणास पुढे ४४ महिन्यांची कैद झाली.

एका ठिकाणी लोभाने घाई करविली, दुसऱ्या ठिकाणी भयाने. पडताळणी दोन्हीकडे राहून गेली. कर्जदाराच्या कागदावर गोदाम भरलेले दिसले, तरी आम्ही स्वतः जाऊन पोती मोजत असू. आज तर कंपन्यांची अधिकृत निवेदने शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य वाचता येतात. सल्लागाराची नोंदणी सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येते. एवढेही न करता गुंतविलेला पैसा म्हणजे पत न पाहता दिलेली उधारीच होय. ती वसूल होईल, असे कोणता जाणता व्यापारी म्हणेल?