पैसा चाकात घालावा

खडीच्या, मुरमाच्या आणि पावसाळ्यानंतर उखडलेल्या डांबरी रस्त्यावरून रोज शाळेला किंवा कारखान्याला जाण्यासाठी ज्याला थोडक्या रकमेत सायकल घ्यावयाची आहे, त्याच्यापुढे दुकानदार ज्या सायकली मांडतो त्यांतील बहुतेकांची रचना रस्त्यापेक्षा नजरेचा विचार करून झालेली असते, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पुढच्या फोर्कमध्ये जाड स्प्रिंग, दोन्ही चाकांना डिस्कब्रेक आणि २१ गिअर एवढा सरंजाम अल्प किमतीत मिळू लागला, की त्याचा खर्च कोणत्या बाबीतून कापून काढला असेल, असा प्रश्न ग्राहकाने विचारावा. त्याचे उत्तर बहुधा चाकांत सापडते.

स्वस्त फोर्कमधील स्प्रिंग दबते खरी, परंतु तिची उसळी आवरण्याची काहीच तजवीज नसल्यामुळे ती हादरा नीट शोषून घेत नाही. शिवाय वजन वाढविते, आणि धूळ व चिखल आत शिरत गेल्यावर आखडून बसते. खड्ड्याचा आघात सोसण्याचे काम खरोखर टायरातील हवाच करते. म्हणून साध्या, ताठ, पोलादी फोर्कची आणि २६ इंची चाकावर १.९५ ते २.१ इंच रुंदीचा टायर घेणारी सायकल मी निःसंकोच पसंत करीन. रुंद टायरमध्ये हवा किंचित कमी ठेवली, तरी खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिमखाली चिरडण्याची भीती फारशी राहत नाही.

चाकाची परीक्षा दुकानातच करावी. रिम दुहेरी भिंतीची असावी, स्पोक ३६ असावेत, आणि एकाच बाजूचे स्पोक बोटांनी छेडले असता त्यांचा नाद जवळपास सारखा यावा. कारण काही ढिले व काही ताणलेले असले, म्हणजे सारा भार मोजक्या स्पोकांवर पडून ते एकामागून एक तुटू लागतात. नव्या चाकाचे स्पोक पहिल्या काही आठवड्यांत थोडे सैल होतातच, तेव्हा मिस्त्रीकडून चाकाचा आउट काढून घेण्याचा खर्च सायकलीच्या किमतीतच धरावा. गिअरांविषयी माझे मत अधिक कठोर आहे. स्वस्त हबवर ६-७ चकत्यांचे फ्रीव्हील बसविले, की त्या बाजूचा अ‍ॅक्सल बराचसा छऱ्यांच्या आधाराबाहेर राहतो, आणि मागे ओझे असताना खड्ड्यांतून जाता जाता तो वाकतो, प्रसंगी मोडतो. चढ-घाट नसेल तेथे एकच चकती पुरे.

मग जुनी, २८ इंची चाकांची काळी सायकलच का घेऊ नये? तिला मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर आणि भक्कम स्टँड जन्मतःच असतात, आणि तिचे सुटे भाग बाजाराच्या गावी सहज मिळतात. या गुणांपुढे मी नतमस्तक आहे. परंतु ओल्या पोलादी रिमवर तिचे सळईचे ब्रेक धरत नाहीत, आणि कोकणातल्या उतारावर, भर आषाढात, हा दोष क्षम्य नव्हे. अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवरील केबलचे व्ही-ब्रेक तेथे पुष्कळ अधिक विश्वासार्ह ठरतात. मराठवाडा-विदर्भातील काळ्या मातीत निराळीच अडचण येते. मडगार्ड व टायर यांत चांगले अंतर नसेल, तर चिकण गारा भरून चाक फिरेनासे होते. बाभळीच्या काट्यावर मात्र जाड ट्यूब आणि घरचा पंप यांखेरीज उपाय नाही.

हा प्रश्न केवळ खाजगी खरेदीचा नाही. मानव विकास कार्यक्रमाखाली राज्यातील १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी ५,००० रुपये मंजूर होतात, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलींवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आल्याने त्या रकमेला थोडा हातभारही लागला आहे. ज्या मुलीच्या गावाहून शाळेच्या वेळी एसटी नाही, तिचा अ‍ॅक्सल मोडला की तिची शाळाच थांबते; आणि चमकदार पण कच्च्या चाकांच्या सायकलीवर हे अनुदान खर्ची पडले, तर त्याची भरपाई कोणत्याही दफ्तरात होत नाही. रिम, स्पोक, टायरची रुंदी आणि ब्रेक यांचा किमान तपशील अनुदानाच्या परिपत्रकात नमूद व्हावा, शाळेने तो पालकांना खरेदीपूर्वी वाचून दाखवावा, आणि पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी एक लहानशी रक्कम सायकलीच्या अनुदानाव्यतिरिक्त स्वतंत्रपणे मंजूर करावी.